‘चार्ज’ला मराठीत काय म्हणायचं? अर्थ, समानार्थी शब्द आणि तुमच्या कामातली उदाहरणं

शब्दांगण:
आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आम्ही दोघी-तिघी शिक्षिका मिळून एक छोटा इंग्रजी-मराठी शब्दसंग्रह करतोय. रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द घ्यायचे, त्यांचे वेगवेगळे अर्थ, जवळचे शब्द आणि प्रत्येक अर्थाला एक खरंखुरं वाक्य द्यायचं. बाकीचे शब्द भराभर झाले. ‘चार्ज’पाशी मात्र घोडं अडलंय.

आमच्याच वर्गातल्या मुलाचा दिवस बघा. विज्ञानाच्या पुस्तकात तो वाचतो, ‘इलेक्ट्रॉन ऋणप्रभारित असतो.’ शाळेच्या फलकावर ‘प्रभारी मुख्याध्यापक’ अशी सही असते. घरी वीजबिलावर ‘स्थिर आकार’ छापलेला असतो. संध्याकाळच्या बातम्यांत कोणावर तरी दोषारोपपत्र दाखल झालेलं असतं आणि कुठेतरी पोलिसांनी सौम्य लाठीमार केलेला असतो. या सगळ्याच्या मागे इंग्रजीत एकच शब्द आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. मग इंग्रजीच्या पेपरात ‘ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट’ याचं भाषांतर मुलं ‘त्याने चोरीसाठी पैसे घेतले’ असं करतात.

शब्दकोशात अर्थांची रांग मिळते, पण कोणता शब्द कुठे चालतो ते त्या रांगेतून कळत नाही. माझं ठाम मत आहे की ‘चार्ज’ला एकच मराठी शब्द शोधूच नये. प्रत्येक कामाने आपला शब्द आधीच घडवलाय आणि तो त्या कामातल्या माणसालाच नीट माहीत असतो. म्हणून हा धागा. तुमच्या कचेरीत, शेतात, दवाखान्यात, कोर्टात काय म्हणतात ते लिहा. पुस्तकी नको, तोंडातलं हवं.

माळरान:
चांगला धागा. पण फोनला ‘चार्जिंगला लाव’ याहून सोपं काय आहे? तिथे उगाच संस्कृत शब्द बसवू नका, ही विनंती.

शब्दांगण:
माळरान, फोनपुरतं अगदी मान्य. ‘चार्जर’, ‘चार्जिंग’ हे आता मराठीच शब्द आहेत, त्यांना विभक्तीही लागते. प्रश्न बाकीच्यांचा आहे.

बांधावरून:
ताई, सातबारा काढून बघा. एकाच कागदावर तुमचा चार्ज दोनदा येतो. एक ‘आकार’, म्हणजे जमिनीवर सरकारने बसवलेला सारा. आणि दुसरा खाली ‘इतर अधिकार’ या रकान्यात, ‘बोजा’. सोसायटीचं कर्ज घेतलं की तिथे बोजा चढतो, फेडलं की बोजा कमी करून घ्यायचा. आमच्याकडे जमीन घेताना पहिला प्रश्न हाच असतो, ‘बोजा हाय का?’ शेतकऱ्याला या अर्थासाठी दुसरा शब्द लागतच नाही.

फेरफार:
बांधावरून यांनी बरोबर सांगितलं, मी महसुलात आहे म्हणून थोडी भर घालतो. विविध कार्यकारी सोसायटीकडून पीककर्ज घेताना सभासद आपल्या जमिनीवर सोसायटीचा बोजा मान्य असल्याचं लिहून देतो, त्याला ‘इकरार’ म्हणतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ मध्ये ही तरतूद आहे आणि कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात तिथे ‘चार्ज’ हाच शब्द आहे. तो इकरार आला की फेरफार नोंद होते आणि सातबाऱ्यावर बोजा दिसतो. हल्ली ऑनलाइन कागदांवर काही ठिकाणी ‘ई-करार’ असं लिहिलेलं सापडतं. लोकांना वाटतं, हा संगणकावरचा करार असावा. मूळ शब्द इकरार आहे, अरबी-फारसीतून आलेला, अर्थ कबुली. मुलांच्या पुस्तकात तो शुद्धच छापा.

गहाण आणि बोजा यांतला फरकही सांगावा. गहाणात मालमत्तेतला काही हक्क देणेकऱ्याकडून घेणेकऱ्याकडे जातो. बोज्यात हक्क मालकाकडेच राहतो, पण त्या मालमत्तेतून अमुक रक्कम वसूल होऊ शकते एवढं बंधन तिच्यावर बसतं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये गहाणाच्या आणि बोज्याच्या तरतुदी वेगवेगळ्या आहेत, बोज्याचं कलम १००.

आणि कार्यालयात बदली झाली की आम्ही ‘चार्ज देतो’ आणि ‘चार्ज घेतो’. कागदावर ‘कार्यभार हस्तांतरण’ लिहितो, वर्तमानपत्र ‘पदभार स्वीकारला’ छापतं. दुसऱ्याच्या टेबलाचं काम अंगावर आलं की तो ‘अतिरिक्त कार्यभार’.

गोदातीर:
इथे एक गंमतीची नव्हे, खरोखर मोलाची गोष्ट आहे. इंग्रजी ‘चार्ज’चं मूळच ओझं आहे. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडा. त्यावरून ‘कार्रिकारे’, म्हणजे गाड्यावर माल लादणे. ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत ‘चार्ज’ होऊन आलं. ‘कार’, ‘कॅरी’, स्पॅनिशमार्गे आलेला ‘कार्गो’, ही सगळी त्याच घरातली मंडळी. इटालियनमार्गे आलेला ‘कॅरिकेचर’सुद्धा, कारण व्यंगचित्रात नाकाडोळ्यांवर जास्तीचा भार टाकलेला असतो.

आता मराठी शब्द एका रांगेत ठेवून बघा. कार्यभार, पदभार, अधिभार, प्रभार, बोजा. कोणी ठरवून केलं नसेल, तरी आपण जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ओझ्याचाच शब्द उचललाय. काम अंगावर पडतं, कर्ज डोक्यावर बसतं, आरोप माथी मारला जातो. आणि ‘आभार’ घ्या. कोणी आपल्यासाठी काही केलं तर त्याचा भार आपल्यावर राहतो, अशीच ती कल्पना आहे.

मुलांना अर्थांची यादी पाठ करायला लावण्यापेक्षा हे एक सूत्र द्या. ‘कोणावर काय लादलं?’ हा प्रश्न वाक्याला विचारायचा. पैसे लादले तर आकार किंवा शुल्क. गुन्हा लादला तर दोषारोप. जबाबदारी लादली तर कार्यभार. कर्ज लादलं तर बोजा. वीज भरली तर प्रभार.

पाणकणीस:
गोदातीर, मग ‘भार’ आणि ‘चार्ज’ एकाच धातूतून आलेत का?

गोदातीर:
नाही. अर्थाने शेजारी, रक्ताने नाहीत. ‘भार’चं रक्ताचं नातं इंग्रजी ‘बेअर’ आणि ‘बर्डन’शी आहे. फारसीत तोच धातू ‘बार’ होतो, अर्थ ओझं. माल भरायचं ‘बारदान’ त्यातलंच.

बांधावरून:
बार म्हटल्यावर लिहायलाच पाहिजे. विहिरीला खडक लागला की आम्ही बार भरतो. खडकाला भोकं पाडायची, त्यात जिलेटिनच्या कांड्या सारायच्या, वर माती ठासायची, वायरी जोडायच्या आणि सगळ्यांना लांब काढून बार उडवायचा. इंग्रजीत त्या भरलेल्या दारूला चार्ज म्हणतात हे मला आमच्या ब्लास्टिंगवाल्याच्या परवान्यावर कळलं. बंदुकीचाही बारच. तंबाखू मळून ओठाखाली ठेवली तरी ‘बार भरला’ म्हणतात. पुढाऱ्याचं भाषण पडलं तर ‘फुसका बार’. पोरीचं जमलं की ‘दिवाळीनंतर बार उडवून देऊ’.

वीजवाहिनी:
बांधावरून, तुम्ही नकळत विजेच्या इतिहासातच हात घातलात. विजेला ‘चार्ज’ शब्द लागला तो या बाराच्या अर्थावरूनच. १७४० च्या दशकात लायडन जार नावाची काचेची बरणी युरोपात तयार झाली. तिच्यात घर्षणाने तयार केलेली वीज साठवता यायची. बेंजामिन फ्रँकलिन अमेरिकेत तिच्यावर प्रयोग करत होता. बरणी ‘चार्ज’ झाली, अधिक आणि उणे, ही भाषा त्याच्या त्या काळातल्या पत्रांतून रुळली. त्याने अशा अनेक बरण्या एकत्र जोडल्या आणि त्या समूहाला ‘बॅटरी’ म्हटलं. बॅटरी म्हणजे तोफांची रांग. बार भरायचा आणि सोडायचा, चार्ज आणि डिस्चार्ज. खिशातल्या फोनमध्ये आपण दोन्ही तोफखान्याचे शब्द घेऊन फिरतो.

विज्ञानाच्या दृष्टीने मुलांना एक भेद जरूर शिकवा. विद्युतप्रभार हा पदार्थाचा गुणधर्म आहे, एकक कूलोम. एका इलेक्ट्रॉनवरचा प्रभार सुमारे १.६ × १०⁻¹⁹ कूलोम. फोन ‘चार्ज’ होतो तेव्हा बॅटरीत जादाचा प्रभार कोंबला जात नाही. आत जेवढा प्रभार एका टोकाने शिरतो तेवढाच दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो, एकूण बेरीज शून्यच राहते. साठते ती रासायनिक ऊर्जा. म्हणून फोनसाठी ‘प्रभारित करणे’ लिहिलं तर ते बोजड तर आहेच, शिवाय मुलांच्या डोक्यात चुकीचं चित्र बसवतं. तिथे ‘चार्ज करणे’च बरोबर, हे माळरान यांचं म्हणणं शास्त्रालाही धरून आहे.

बॅटरीवर ५००० मिलिअँपिअर-तास छापलेलं असतं, ते मात्र खरोखर प्रभाराचं माप आहे. ५ अँपिअरचा प्रवाह १ तास, म्हणजे ५ × ३६०० = १८,००० कूलोम. एवढा प्रभार एका भरणीत परिपथातून फिरवता येतो. नववी-दहावीला हे उदाहरण छान लागेल.

वीजबिलाचं पण सांगतो. महावितरणच्या बिलावर ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘वहन आकार’, ‘इंधन समायोजन आकार’ अशा ओळी असतात आणि त्यांच्याखाली ‘वीज शुल्क’, घरगुती ग्राहकाला १६ टक्के. पहिले चारही चार्ज आहेत आणि ते वीज कंपनीचे. वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर आहे, कंपनी तो फक्त गोळा करते. बिलावर आकार आणि शुल्क हे दोन शब्द मुद्दाम वेगळे ठेवलेत, म्हणून ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत. हे बिल वर्गात फळ्यावर लावा, चार ओळींत निम्मा धडा होईल.

मापाडी_नव्हे_वाचक:
पैशाच्या अर्थाचं तर मराठीत भांडार आहे. इंग्रजीत सुतारापासून वकिलापर्यंत सगळे ‘चार्ज’ करतात. आपल्याकडे घेणारा कोण त्याप्रमाणे शब्द बदलतो. डॉक्टर-वकील फी घेतात, भटजी दक्षिणा घेतात, एसटी भाडं घेते. गिरणीत दळणावळ, सोनाराकडे घडणावळ, शिंप्याकडे शिलाई. बाजार समितीत कांदा विकला की हातात पट्टी मिळते, तिच्यावर हमाली, तोलाई, भराई अशी एकेका कामाची वेगळी ओळ असते. शेतकरी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारू शकतो, ही तोलाई एवढी का? ‘अदर चार्जेस’ असं मोघम लिहिलेल्या बिलावर बोट कुठे ठेवणार?

म्हणून मला हा शब्दांचा भेद महत्त्वाचा वाटतो. शब्द नेमका असला की पैशाचा हिशोब मागता येतो.

मीठभाकर:
याला जोडून: हॉटेलच्या बिलातलं ‘सर्व्हिस चार्ज’. मराठी बातम्यांत ‘सेवाशुल्क’ आणि ‘सेवाकर’ यांची सर्रास सरमिसळ होते. सेवाकर सरकारचा होता, तो २०१७ मध्ये जीएसटीत विरला. सेवाशुल्क हॉटेलवाल्याचं. ते आपोआप बिलात जोडता येणार नाही असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये दिले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. ‘कर’ म्हटलं की गिऱ्हाईक मुकाट्याने भरतं. मुलांना हे नक्की शिकवा.

फेरफार:
सहमत. तसंच अधिभार आणि उपकर. अधिभार म्हणजे सरचार्ज, कराच्या रकमेवर आणखी चढवलेला भार. उदाहरणार्थ, वैयक्तिक प्राप्तिकरात ५० लाखांवर उत्पन्न गेलं की करावर १० टक्के अधिभारापासून सुरुवात होते. उपकर म्हणजे सेस, तो ठरावीक कारणासाठी असतो. केंद्राने लावलेले हे दोन्ही राज्यांना वाटून द्यायच्या निधीत धरले जात नाहीत, म्हणून त्यावर एवढा वाद होतो.

काळा_कोट:
आता कोर्टाचं. इथे शब्द चुकला तर माणसाची अब्रू जाते, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली पायरी, फिर्याद किंवा एफआयआर. ‘गुन्हा दाखल झाला’ म्हणजे एवढंच. दुसरी, तपास. तिसरी, तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात अहवाल देतात. त्यालाच बोलीत चार्जशीट, मराठीत दोषारोपपत्र किंवा आरोपपत्र म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १९३ आहे, आधीच्या संहितेत १७३ होतं. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत हे दाखल व्हावं लागतं, नाहीतर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो.

चौथी पायरी सगळ्यांत महत्त्वाची आणि बातम्यांत सगळ्यांत दुर्लक्षित. आरोप निश्चिती. पोलिसांचे कागद वाचून, दोन्ही बाजू ऐकून न्यायाधीश ठरवतात की खटला चालवण्याइतपत आधार आहे का. असेल तर आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? इंग्रजीतला खरा ‘चार्ज’ हा. तो न्यायालय ठेवतं, पोलीस नव्हे.

आधार नसेल तर आरोपी ‘डिस्चार्ज’ होतो, आपण म्हणतो दोषमुक्त. पूर्ण खटला चालून साक्षी-पुरावे झाल्यावर सुटला तर तो ‘अक्विट’ झाला, निर्दोष मुक्तता. बातम्या दोन्हीला ‘सुटका’ म्हणतात. जामिनावर बाहेर आला तरी ‘सुटका’च. वाचणाऱ्याला वाटतं तिन्ही एकच.

आणि ‘अक्यूज’ व ‘चार्ज’. आरोप शेजारीही करू शकतो, पत्रकार परिषदेतही करता येतो. तो ‘अक्यूज’. दोषारोप ठेवण्याचा अधिकार कायद्याने दिलेला असावा लागतो. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी: ‘अक्यूज’नंतर ‘ऑफ’ येतं, ‘चार्ज’नंतर ‘विथ’.

शब्दांगण:
काळा_कोट, फार उपयोगी. ही चार पायऱ्यांची मांडणी तशीच घेतली तर चालेल का?

काळा_कोट:
बेलाशक घ्या. फक्त ‘आरोपी’ आणि ‘गुन्हेगार’ हेही शेजारी द्या. आरोप निश्चित झाला तरी तो आरोपीच असतो.

नदीकाठ:
डिस्चार्ज निघाला म्हणून. आम्हा पाटबंधारेवाल्यांचा डिस्चार्ज म्हणजे विसर्ग. पावसाळ्यात तुम्ही वाचता ना, ‘खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढवला’, तो. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, साधारण २८.३ लिटर. १०,००० क्युसेक म्हटलं की सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर पाणी नदीत जातंय. आणि उलट दिशेला ‘रिचार्ज’ म्हणजे पुनर्भरण. छपरावरचं पाणी गाळून विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडतात ते विहीर पुनर्भरण, बोअर पुनर्भरण. हा शब्द सरकारी असूनही गावात रुळलाय, कारण ऐकताक्षणी कळतो.

रात्रपाळी:
मी नर्स आहे. आमच्याकडे वॉर्डच्या प्रमुख सिस्टरना ‘इनचार्ज’ म्हणतात, प्रभारी कोणी म्हणत नाही. पेशंटला डिस्चार्ज मिळतो, पण विदर्भ-मराठवाड्यातले नातेवाईक विचारतात, ‘सिस्टर, सुट्टी कधी देनार?’ मला तो शब्द फार आवडतो. जखमेतून येतो तोही इंग्रजीत डिस्चार्जच, मराठीत स्राव. केसपेपरवर दोन्ही ‘डिस्चार्ज’ एकाच पानावर येतात आणि नवीन मुली गोंधळतात. त्यांना सांगावं लागतं, वर लिहिलाय तो जखमेचा, खाली लिहिलाय तो पेशंटचा.

पाणकणीस:
गोदातीर यांच्या सूत्राने बघितलं तर डिस्चार्ज म्हणजे ओझं उतरवणं. मग ‘उतराई’ शब्द इथे बसतो का? ऋणातून उतराई होणे.

गोदातीर:
उत्तम सापडलं तुम्हाला. इंग्रजीतही कर्ज किंवा कर्तव्य ‘डिस्चार्ज’ करतात. बँकेच्या कागदावर ‘कर्ज फेडले’ लिहावं, आईवडिलांच्या किंवा गुरूच्या ऋणाबद्दल ‘उतराई’. सातबाऱ्यावरचा बोजासुद्धा ‘उतरवतातच’.

सह्यकडा:
हल्ल्याचा अर्थ राहिलाच. घोडदळाचा ‘चार्ज’ म्हणजे एल्गार. लेखणीतून तो आता मोर्चे आणि परिषदांपुरता उरलाय, पण मूळ शब्द चाल करून तुटून पडण्याचा. मुलांना सांगायला आपलं उदाहरण आहे: २३ सप्टेंबर १९१८, हैफा. जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या भालाईत स्वारांनी तोफा आणि मशीनगन समोर असताना घोडे घालून शहर घेतलं. मेजर दलपतसिंह त्यात पडले. दिल्लीतलं तीन मूर्ती स्मारक त्या पहिल्या महायुद्धातल्या संस्थानी घोडदळाचं आहे.

माणसाऐवजी जनावर असेल तर एल्गार चालणार नाही. रानगवा किंवा हत्ती ‘अंगावर येतो’. जंगलातले वाटाडे ‘मॉक चार्ज’ म्हणतात, म्हणजे हत्ती कान फुलवून धावत येतो आणि मध्येच थांबतो. आमच्या सिंधुदुर्गात तिलारीकडे साधं म्हणतात, ‘हत्ती अंगार इलो.’

आणि लाठीचार्ज. लाठीमार म्हणा, लाठीहल्ला म्हणा, पण ‘सौम्य’ हे विशेषण लावू नका. ज्याच्या पाठीवर बसते त्याला सौम्य कोणती?

माळरान:
‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यात फरक असतो म्हणतात. मुलीच्या पुस्तकात आहे, मला सांगता आलं नाही.

शब्दांगण:
पहिल्यात कर्ता सांभाळणारा असतो, दुसऱ्यात सांभाळला जाणारा. ‘सिस्टर इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ म्हणजे मूल सिस्टरच्या देखरेखीखाली. ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द सिस्टर’ म्हणजेही तेच, पण वाक्य मुलाकडून सुरू झालं. मराठीत दुसऱ्यासाठी ‘च्या हवाली’ किंवा ‘च्या ताब्यात’. मूल असेल तर मी ‘हवाली’ घेईन, ‘ताब्यात’ने पोलीस चौकी आठवते. ज्याला सांभाळायचं त्या मुलालाही इंग्रजीत ‘चार्ज’ म्हणतात, आपला शब्द ‘पाल्य’.

काल रात्री बसून पान जुळवलं. अर्थाप्रमाणे क्रम न लावता जागेप्रमाणे लावलाय: सातबारा, वीजबिल, बाजारपट्टी, कोर्ट, दवाखाना, प्रयोगशाळा. प्रत्येक जागेला तुमच्याच शब्दांतलं एक वाक्य. कोर्टाखाली ही दोन घेतली आहेत, काळा_कोट, नजर टाकाल का?
‘पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले.’
‘न्यायालयाने आरोपीवर आरोप निश्चित केले.’

काळा_कोट:
दोन्ही ठीक. पहिल्यात ‘न्यायालयात’ घाला: ‘पोलिसांनी न्यायालयात दोषारोपपत्र दाखल केले.’ कोण कोणापुढे ठेवतो ते मुलांना दिसलं पाहिजे. आणि तिसरं वाक्य जोडा, ‘पुरेसा आधार नसल्याने न्यायालयाने त्याला दोषमुक्त केले.’

शब्दांगण:
जोडलं. सोमवारी छपाईला देतेय. दवाखान्याच्या जागी ‘सुट्टी’ ठेवलाय, रात्रपाळी.